हे गाणं कुणाकडनं घेतलंस?

१९७३ साली चार आयरिश तरुणांनी एक अल्बम काढला. त्यातलं पहिलंच गाणं एका भटक्या समाजातल्या माणसाकडून आलेलं. तो अल्बम ऐकताना आपल्या राधानगरीतली गौरीची गाणी का आठवावीत?

एक काम करा. इअरफोन लावा आणि 'प्लँक्स्टी' नावाच्या आयरिश बँडचा, त्याच नावाचा पहिला अल्बम शोधा. कव्हर काळंकुट्ट आहे, म्हणून त्याला सगळे 'ब्लॅक अल्बम'च म्हणतात. पहिला ट्रॅक लावा. शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. त्या उच्चारांमधून मला पहिल्या वेळी निम्मेही कळले नव्हते.

गोष्ट अशी. एका जमीनदाराची नवी नवरी आहे. दारात जिप्सी येऊन गातात आणि ती घर, नवरा, मऊ गादी, सगळं टाकून त्यांच्यामागे निघून जाते. नवरा घोड्यावर बसून शोधत निघतो. ती सापडते. पण ती परत यायला तयार नाही! एवढंच गाणं. आपल्याकडच्या एखाद्या वेबसिरीजवाल्याला सांगितलं तर तो आठ एपिसोड करेल.

खरी गंमत पुढे आहे. गाणं संपत आलंय असं वाटतं आणि मध्ये श्वासही न घेता पाइप्स सुरू होतात. भलतीच दुसरी धून, संथ, दरबारी थाटाची. ती सतराव्या शतकातल्या एका अंध हार्पवादकाची मानली जाते. तिच्या नावाचा अर्थ 'मला तुझा हात दे'. रस्त्यावरच्या भटक्यांचं गाणं आणि सरदारांच्या वाड्यात वाजणारी धून, दोन्ही एकाच ट्रॅकमध्ये. आणि जोड कुठे आहे ते शोधावं लागतं.

तर हे चौघे कोण? क्रिस्टी मूर, अँडी अर्व्हाइन, डोनल लनी आणि लिअम ओफ्लिन. १९७२ मध्ये मूरचा 'प्रॉस्परस' नावाचा सोलो अल्बम आला. त्याचं रेकॉर्डिंग किल्डेअर परगण्यातल्या प्रॉस्परस याच गावातल्या एका जुन्या घराच्या तळघरात झालं होतं. मित्र जमले, वाजवलं, आणि त्यातले चौघे बँड म्हणून एकत्र राहिले. नाव घेतलं 'प्लँक्स्टी'. टर्लो ओकॅरोलन (१६७० ते १७३८) हा आयर्लंडचा प्रसिद्ध अंध हार्पवादक गावोगाव फिरायचा, सरदारांकडे मुक्काम करायचा आणि यजमानाच्या मानार्थ धून बांधायचा. अशा धुनांच्या नावाआधी 'प्लँक्स्टी' हा शब्द लागतो. आपल्याकडे शाहिरांनी आश्रयदात्यावर कवनं रचली, त्याच जातीचं काम. ओकॅरोलनच्या अशा धुना या अल्बममध्येही आहेत.

आज हे सगळं आपल्याला 'बरं, फोक म्युझिक' एवढंच वाटेल. पण त्या काळात आयर्लंडमध्ये दोन वेगळी जगं होती. एकीकडे गिटार घेऊन पबमध्ये बॅलड गाणारी तरुण मंडळी. दुसरीकडे इलन पाइप्स वाजवणारे जुने, शिस्तीचे वादक. 'इलन' म्हणजे कोपर. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. कोपराखाली भाता धरून त्याने हवा भरतात. ओफ्लिन हे वाद्य लिओ रोसम या उस्तादाकडे रीतसर शिकलेला. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर गावातलं भजनी मंडळ, धनगरी ढोलवाले आणि कॉलेजातला गिटारवाला असे तिघे एका स्टेजवर आले आणि कुणीच दुसऱ्याचं बिघडवलं नाही, असं काहीतरी प्लँक्स्टीने केलं.

आणि 'शुद्ध परंपरा' म्हणून भांडणाऱ्यांसाठी एक माहिती. या अल्बममध्ये सतत जी तारांची झिणझिण ऐकू येते ती बुझुकीची, आणि बुझुकी हे ग्रीक वाद्य आहे! १९६०च्या दशकात जॉनी मॉयनिहान नावाच्या गायकाने ते आयरिश संगीतात आणलं. लनीने ते उचललं आणि आता ते आयरिश संगीताचंच होऊन बसलंय. यावर हसायचं असेल तर आधी आपल्या भजनातली पेटी आठवा. हार्मोनियमही युरोपातूनच आलेली. अल्बममध्ये बारा ट्रॅक आहेत आणि त्यातलं सगळंच जुनं नाही. अर्व्हाइनने स्वतः लिहिलेलं एक गाणं आहे, इवान मॅकॉलचं थेम्स नदीवरचं एक आहे, मिकी मॅकॉनेलचंही एक आहे. म्हणजे नवीन गाण्याला त्यांची ना नव्हती. फक्त कुठलं गाणं कुणाचं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता त्या पहिल्या गाण्याकडे परत येऊ. ते बँडपर्यंत आलं कुठून?

ते आलं जॉन रायली नावाच्या माणसाकडून. रायली आयर्लंडच्या 'ट्रॅव्हलर' समाजातला. हा समाज गाड्यांमधून गावोगाव फिरणारा. जुना धंदा पत्र्याची भांडी बनवायचा, सांधायचा. आपल्याकडचे कल्हईवाले, घिसाडी डोळ्यांपुढे आणा. आणि त्यांना गावाबाहेर कशी वागणूक मिळते तेही आणा, म्हणजे ट्रॅव्हलर समाजाबद्दल फार समजावून सांगावं लागणार नाही. आयर्लंड सरकारने त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली ती थेट २०१७ मध्ये.

१९६०च्या दशकात टॉम मनेली नावाचा एक तरुण टेप रेकॉर्डर घेऊन गाणी गोळा करत फिरत होता. रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल या गावी त्याला रायली भेटला. रायलीकडे लांबच लांब जुनी कथागीतं होती, आणि त्यातली काही अशी की अभ्यासकांचा विश्वास बसेना. एक गाणं विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईचं. एक वाटसरू तिच्याकडे पाणी मागतो आणि मग तिच्या आयुष्यातली अशी गुपितं एकेक करून सांगतो, जी घरातल्या घरात दाबून टाकलेली असतात. ऐकताना अंगावर काटा येतो. तोंडी परंपरेतून हे गाणं संपलंच, असं जाणकार धरून चालले होते. ते या एका माणसाच्या तोंडात जिवंत होतं. प्लँक्स्टीने त्याच वर्षी, म्हणजे १९७३ मध्येच, दुसरा अल्बम काढला आणि त्याला या गाण्याचंच नाव दिलं: 'द वेल बिलो द व्हॅली'. माझं मत विचाराल तर पहिला अल्बम जास्त गोड आहे, पण दुसरा जास्त खरा आहे.

रायलीने यातलं काहीच ऐकलं नाही. तो १९६९ मध्येच गेला. हलाखीत गेला. त्याच्या स्वतःच्या आवाजातली, मनेलीने टेप केलेली गाणी एलपी म्हणून बाहेर आली ती १९७८ मध्ये. म्हणजे त्याचं गाणं आधी दुसऱ्यांच्या आवाजात गाजलं आणि त्याचा आवाज लोकांपर्यंत पोचला नऊ वर्षं उशिरा.

इथे बँडला व्हिलन करायचं असेल तर ते फार सोपं आहे. पण मूरने रायलीचं नाव कधी लपवलेलं नाही. त्याच्या बोलण्यात, लिहिण्यात ते पुन्हा पुन्हा येतं. म्हणूनच आज राधानगरीत बसून मला जॉन रायली माहिती आहे. बँडने कव्हरवर 'पारंपरिक' एवढा एकच शब्द छापून विषय मिटवला असता तर कुणाला काय कळलं असतं? अर्थात नाव दिल्याने पोट भरत नाही, हेही तितकंच खरं. रायलीचं भरलं नाहीच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यातली एक सांगून दुसरी पुसता येत नाही.

'पारंपरिक' या शब्दावरच जरा थांबू. यूट्यूबवर मराठी लोकगीताचा कुठलाही नवा व्हिडिओ उघडा आणि खालचं डिस्क्रिप्शन वाचा. संगीत संयोजन अमुक, मिक्सिंग तमुक, ड्रोन शॉट्स, मेकअप, गाडी कुणाची, चहा कुणाचा, सगळी नावं. आणि 'गीत : पारंपरिक'. हा शब्द खोटा नाही. गाणं कुणी रचलं ते खरंच माहीत नसतं. पण कुणी शिकवलं ते माहीत असतं ना! कुणाच्या तरी आजीने, कुणाच्या तरी गावात, कधीतरी ते गाऊन दाखवलेलं असतं. 'पारंपरिक' लिहिलं की ती आजी हजार वर्षांच्या धुक्यात जाते, आणि ड्रोनवाला तेवढा वर्तमानात उरतो.

कायद्याचं काय? परंपरेने आलेल्या, रचणारा माहीत नसलेल्या गाण्यावर कुणी मालकी सांगू शकत नाही. ते बरंच आहे. पण गाणाऱ्याचं वेगळं आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतंत्र हक्क दिलेत, ५० वर्षांचे. कलाकार म्हणजे कोण, याची यादीही कायद्यात आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, आणि चक्क गारुडीसुद्धा. २०१२च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक भर पडली. आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडलं जावं, असा दावा कलाकाराला करता येतो. म्हणजे तुम्ही आजीचा आवाज रेकॉर्ड करून रीलला लावलात तर कायद्याच्या लेखी आजी 'कलाकार' आहे, 'ऑडिओ' नाही. मीडिया लॉच्या पेपरला हा प्रश्न येतो. तेव्हा पाठ केला होता. त्याचा अर्थ लागला तो रायलीची गोष्ट वाचल्यावर.

नाव नीट लिहिण्याचं काम कसं करतात, हे पाहायला आयर्लंडला जायची गरज नाही. ते महाराष्ट्रात झालेलं आहे आणि जगाने दखल घ्यावी इतकं मोठं झालेलं आहे.

जात्यावरच्या ओव्या आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये त्या गोळा केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले. पण छापील पानावर शब्द येतात, चाल येत नाही. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉईतवाँ या दोघांनी गावोगावच्या बायकांच्या साथीने वीसेक वर्षं ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! एक हजाराहून जास्त गावांमधून. १९९०च्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि आवाजाची नोंद व डेटाबेस उभा राहिला. हे भांडार आज 'पारी' या संकेतस्थळावर आहे. २०१७ पासून तिथे ते टप्प्याटप्प्याने येतंय.

त्यातलं कुठलंही एक पान उघडा आणि ओवीच्या खाली काय लिहिलंय ते पाहा. गाणारीचं नाव. गाव, वाडी, तालुका, जिल्हा. जात. वय. मुलं किती. काम काय करते. रेकॉर्डिंग कुठल्या तारखेला झालं. शक्य तिथे फोटो. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी सीतेच्या वनवासावर गायलेल्या ओव्या तिथे आहेत. १९९६ मधलं रेकॉर्डिंग. जरूर ऐका, पण बसमध्ये नको, शांत जागी ऐका. मागे तालवाद्य नाही, पेटी नाही, काहीच नाही. एक बाई सीतेचं सांगते आणि ऐकताना ती फक्त सीतेचंच सांगतेय असं वाटत नाही. हे रेकॉर्डिंग 'पारंपरिक' या एका शब्दाखाली गेलं असतं तर सीता राहिली असती, गंगूबाई राहिल्या नसत्या.

धनगरी ओव्यांचंही असंच एक काम झालंय. गुंथर सोन्थायमर नावाचा जर्मन अभ्यासक महाराष्ट्रात धनगरांबरोबर राहून, फिरून बिरोबा-खंडोबाच्या लांब ओव्या टेप करत असे. १९९२ मध्ये तो गेला, तोवर त्याने टेपचा मोठा साठा करून ठेवला होता. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात ढोल ऐकले असतील, तर बिरोबा काय चीज आहे हे तुम्हाला सांगायला नको. ('ओवी' शब्द एकच असला तरी जात्यावरची ओवी दोन-तीन ओळींत संपते आणि धनगरी ओवी रात्रभर चालू शकते. युवा महोत्सवाच्या फॉर्ममध्ये दोन्हींना एकच रकाना असतो, ते सोडा.)

युवा महोत्सवावरून आठवलं. लोकवाद्यवृंदाच्या स्पर्धेत आपण काय करतो? यूट्यूबवरची तीच ती चार गाणी उतरवतो. संबळ, ढोलकी, चौंडकं, तुणतुणं सगळं दणक्यात वाजतं आणि निवेदक म्हणतो, 'महाराष्ट्राच्या मातीतलं गाणं'. कुठल्या मातीतलं? राधानगरीची लाल आणि जयसिंगपूरची काळी, दोन्हींत एकच गाणं उगवत नसतं.

आपल्या तालुक्याचं नाव पावसाळ्यात बातम्यांत येतं ते धरणाच्या स्वयंचलित दरवाज्यांमुळे. कितवा दरवाजा उघडला, किती क्युसेक पाणी सुटलं, भोगावतीकाठच्या गावांना इशारा. बाकी वर्षभर दाजीपूरचे गवे. पण याच पावसात भातलावणीला बायका गातात, श्रावण-भाद्रपदात पंचमी आणि गौरीचा फेर धरला जातो, डोंगरातल्या धनगरवाड्यांवर ढोल निघतो. यातलं ज्या कामाबरोबर जोडलेलं होतं ते त्या कामाबरोबर चाललंय. गावात पिठाची गिरण आली आणि जात्यावरच्या ओवीची जागाच गेली. ते बरंच झालं, पहाटे उठून दळणं कुणाला हवंय? पण चाल तिथेच राहून गेली. आता रोपलावणीचं यंत्र हळूहळू येतंय.

आपल्या सगळ्यांच्या खिशात जो रेकॉर्डर आहे, तो मनेलीच्या पाठीवरच्या धुडापेक्षा कितीतरी चांगला आहे. त्यामुळे 'साधनं नाहीत' हे कारण बाद. फक्त दोन-तीन गोष्टी करा. फोन हातात धरू नका, चटईवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पंखा बंद करा. पत्र्याच्या घरात पाऊस असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी जा. आधी विचारा की हे कुठे टाकलं तर चालेल का, आणि 'नको' म्हणाल्या तर नको. काही गाणी फक्त बायकांत गायची असतात, काही देवापुढेच. आणि गाणं सुरू होण्याआधी स्वतःच्या आवाजात बोला: आज तारीख काय, गाव कुठलं, कोण गाणार आहे, त्यांनी हे कुणाकडून घेतलं. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि खरं घबाड त्यातच असतं.

मी तो गेल्या गौरीला विचारला. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, गौरीच्या गाण्यांना त्यांच्याशिवाय सुरुवात होत नाही. फोन ठेवला तर म्हणाल्या, "काय करतीस गं ते घिऊन? कुणाला दाखीवणार?" मग गायल्या. वीस मिनिटं, एकदाही न अडखळता. त्यातल्या एका गाण्याची चाल आमच्याकडच्या बाकी गाण्यांसारखी नव्हतीच. विचारलं, आजी, हे कुणाकडनं शिकलात?

"माज्या चुलत सासूकडनं. ती आजऱ्याची व्हती. लगीन हून आली तवा हे गाणं घिऊनच आली."

तेव्हा लक्षात आलं की आयर्लंडमध्ये गाणी ट्रॅव्हलरांच्या गाड्यांतून फिरली आणि आपल्याकडे ती नवरीबरोबर फिरतात. माहेरहून सासरी. राधानगरी, भुदरगड, आजरा, कागलमधल्या गाण्यांचा नकाशा काढायचा तर आधी सोयरिकींचा काढावा लागेल. हे ना कुठल्या पुस्तकात आहे, ना कुठल्या डिस्क्रिप्शनमध्ये. ते त्या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मी आजींना म्हटलं, तुमचं नाव लिहिते हं. त्या म्हणाल्या, "माजं लिव्ह, पर तिचंबी लिव्ह." मग विचारलं, त्यांचं नाव काय?

आजी थांबल्या. आठवेना. घरातल्या सगळ्या सुना त्यांना आत्याबाई म्हणायच्या आणि गाव त्यांना माहेरच्या गावावरून आजरेकरीण म्हणायचं. नाव घेऊन हाक मारणारं कुणी नव्हतंच. त्यांच्या नातवाने आता जुनं रेशनकार्ड शोधायचं कबूल केलंय. तोवर फाइलला नाव दिलंय, 'गौरी गीत, आजरेकरणीची चाल'.